सँ-मालोला पहिल्यांदा जाताय? आधी तिथी बघा, मग हॉटेल

फ्रान्सच्या वायव्येला ब्रिटनी म्हणून जो भाग समुद्रात घुसलाय, तिथलं सँ-मालो हे जुनं बंदर. चारी बाजूंनी दगडी तटबंदी, आत उंच राखाडी घरं, बाहेर पाण्यात छोटे छोटे किल्ले. पॅरिसहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचता येतं, म्हणून पॅरिस ट्रिपला जोडून दोन-तीन दिवस काढायला हे गाव मला बेस्ट वाटतं. पण बहुतेक लोक "बघायच्या दहा जागा" अशी लिस्ट घेऊन जातात आणि अर्ध्या जागा पाण्यामुळे बंद बघून परत येतात, कारण या गावाचं टाइमटेबल घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर जास्त चालतं. तेव्हा ज्यांना पहिल्यांदाच जायचंय त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितोय.

तारीख कशी धरायची

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि कोकणातल्या माणसाला पटकन कळेल अशी. मुंबईत पावसाळ्यात साडेचार-पाच मीटरची भरती असली की बातम्या येतात ना, तर सँ-मालोला मोठ्या उधाणाला ओहोटी आणि भरतीच्या पाण्यात १२-१३ मीटरचा फरक पडतो, म्हणजे जवळपास चार मजली बिल्डिंगएवढा, आणि तोही सहा-सात तासांत. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांमध्ये याची गणना होते.

फ्रेंच लोक भरतीचा जोर एका आकड्याने सांगतात, त्याला ते कोएफिसिअँ म्हणतात, तो २० ते १२० मध्ये असतो. ७० च्या आसपास म्हणजे मध्यम, ४५ च्या खाली गेला की भांगाची म्हणजे कमी जोराची भरती, ९५ च्या वर गेला की उधाण, आणि १०० च्या वर म्हणजे लोक मुद्दाम लाटा बघायला गाडी काढून येतात. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, सगळ्यात मोठे आकडे येतात.

आता यातली गंमत बघा. तिथे उधाण नेहमीसारखंच अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं, आणि त्या दिवसांत उन्हाळी वेळेप्रमाणे (तिकडे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात) भरती साधारण सकाळी आठ-नऊ आणि रात्री आठ-नऊला असते, म्हणजे पूर्ण ओहोटी पडते दुपारी अडीच ते चारच्या मध्ये. म्हणजे दुपारी किल्ल्यांवर चालत जा आणि संध्याकाळी तटावरून लाटा बघा, सगळं आयतं जमतं. याउलट अष्टमीच्या सुमाराला गेलात तर भर दुपारी पाणी चढलेलं, ओहोटी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, आणि तीही अर्धवट, त्यामुळे बेटांची वाट उघडलीच तर थोडा वेळ. म्हणून तारीख ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरात पौर्णिमा-अमावस्या बघायची आणि तिच्या दुसऱ्या दिवसापासून पुढचे तीन दिवस धरायचे. पोहायचंय फक्त, किल्ल्याबिल्ल्यात इंटरेस्ट नाही, तर भांगाचे दिवस उलट बरे, कारण दुपारी पाणी जवळ असतं आणि अर्धा किलोमीटर वाळू तुडवत जावं लागत नाही.

नेमक्या वेळा नेटवर मिळतात, टुरिस्ट ऑफिसमध्ये छापील तक्ता मिळतो, हॉटेलच्या रिसेप्शनवर पण बहुधा लावलेला असतो. काही तक्ते उन्हाळ्यात पण हिवाळी वेळेतच छापतात, तेव्हा कुठली वेळ आहे ते वर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा, नाहीतर एक तासाचा घोळ होतो आणि इथे एक तास फार असतो.

महिना म्हणाल तर जून किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. जुलै-ऑगस्टला अख्खा फ्रान्स सुट्टीवर, गर्दी आणि भाव दोन्ही आभाळाला. आणि अजून एक, दर चार वर्षांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथून कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटापर्यंत रूत द्यु रम नावाची एकट्याने शिडाची बोट चालवायची शर्यत सुटते, १९७८ पासून चालू आहे, २०२२ ला झाली म्हणजे पुढची २०२६ ला. त्या आधीच्या दोन आठवड्यांत गावात पाय ठेवायला जागा नसते. बोटी बघायच्या असतील तर मुद्दाम जा, शांतता हवी असेल तर चुकूनही नको.

व्हिसा आणि पोचणं

व्हिसा नेहमीचा शेंगेन, त्याबद्दल वेगळं लिहीत नाही, इन्शुरन्स ३०,००० युरोचा लागतो आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो एवढं लक्षात असू द्या. मात्र एक सापळा आहे. सँ-मालोच्या धक्क्यावरून जर्सी बेटाला फेरीबोट जाते, पोस्टर बघून "चला एक दिवस तिकडे" असं वाटतं, पण जर्सी शेंगेनमध्ये नाही आणि भारतीय पासपोर्टवाल्यांचे तिथले नियम वेगळे आहेत, वर तुमचा व्हिसा सिंगल एन्ट्री असेल तर बेटावर गेलात की तो संपला, परत फ्रान्समध्ये यायची पंचाईत. कागद नीट तपासल्याशिवाय तिकीट काढू नका.

पॅरिसहून ट्रेन मोंपार्नास स्टेशनवरून सुटते. थेट टीजीव्ही म्हणजे फ्रान्सची वेगवान ट्रेन सव्वादोन-अडीच तासांत पोचवते, थेट नसेल तर रेन या शहरात गाडी बदलायची आणि पुढे लोकल ट्रेनने तासाभराच्या आत. विमानतळावरून येणार असाल तर आरईआर बी ही लोकल ट्रेन घेऊन दाँफेर-रोशरोला उतरा आणि तिथून मेट्रो ४ किंवा ६ ने मोंपार्नास. विमानतळाच्या स्टेशनवरूनच रेनला जाणाऱ्या काही टीजीव्ही पण आहेत, वेळ जुळली तर पॅरिसमध्ये बॅगा ओढायचा त्रास वाचतो. तिकिटाचे भाव विमानासारखे चढतात, म्हणून दोन-तीन महिने आधी काढलेलं बरं. आणि हो, गाडीचे दरवाजे सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, पळत जाऊन चढणं वगैरे इथे नाही.

इंग्लंडमधल्या मंडळींना पोर्टस्मथहून रात्रीची फेरीबोट आहे, रात्री केबिनमध्ये झोपायचं आणि सकाळी समोर तटबंदी. माझ्या मते या गावाला यायची हीच सगळ्यात भारी रीत, कारण हे गाव समुद्रावरून येणाऱ्याला दिसावं म्हणूनच बांधलेलं आहे.

स्टेशन जुन्या गावापासून दीडेक किलोमीटरवर. सरळ रस्ता, वीस मिनिटं चालत, नाहीतर बस. गाडी घेऊन येणाऱ्यांनी तटाच्या आत शिरायचा नाद करू नये, बाहेर पॉल फेव्हाल पार्किंगला लावून यावं.

राहायचं कुठे

चार पर्याय. तटाच्या आत म्हणजे इंत्रा-म्युरोस, रात्री पर्यटक गेल्यावर गल्ल्या तुमच्याच, पण जागा महाग, खोल्या छोट्या, जुन्या घरांना लिफ्ट असेलच असं नाही आणि चाकाची बॅग दगडी रस्त्यावर खडखडते. दुसरा, सियों बीचच्या कडेला, खिडकीतून समुद्र, जुनं गाव दहा-वीस मिनिटांवर, पोरं असतील तर हेच घ्या. तिसरा सँ-सेर्वां, शांत, नेहमीची दुकानं, थोडं स्वस्त. चौथा स्टेशनजवळ, सोयीचं आणि कंटाळवाणं. मी सियों म्हणेन. आत राहणाऱ्यांना एक सूचना, समुद्रपक्षी पहाटे साडेचारपासून जो गोंधळ घालतात त्यावर उपाय नाही, कानात घालायचे बोळे न्या.

पहिल्या संध्याकाळी: तटावरून एक फेरी

सामान टाकलं की काही न ठरवता पोर्त सँ-व्हँसाँ या मुख्य दरवाज्याने आत शिरा आणि जिना दिसेल तिथून तटावर चढा. पावणेदोन किलोमीटरची पूर्ण फेरी आहे, तिकीट नाही. न थांबता पाऊण तास, पण थांबाल. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लोकांच्या घरांच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या.

ही घरं बघून सगळ्यांना वाटतं की तीनशे वर्षं जुनी आहेत. नाहीयेत. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मन सैन्य इथे दडून बसलं होतं, अमेरिकन तोफा-विमानांचा मारा आणि लागलेली आग यात तटाच्या आतलं साधारण ८० टक्के गाव जळून गेलं. तटबंदी मात्र बरीचशी टिकली. युद्धानंतर लुई आरेत्श या आर्किटेक्टच्या देखरेखीखाली गाव पुन्हा उभं केलं, ग्रॅनाइटमध्ये, जुन्या घाटाची छपरं आणि धुराडी ठेवून, पण रस्ते थोडे रुंद आणि आत आधुनिक घरं. कॅथेड्रलचा कळस तर १९७२ ला पुरा झाला. हे माहीत असलं की फिरताना नजर बदलते, कुठला दगड घासलेला आणि कुठला धारदार ते शोधत बसता येतं.

तटावर रोबेर सुर्कूफचा पुतळा लागेल, हात समुद्राकडे, इंग्लंडच्या दिशेने असं लोक हसून सांगतात. हा माणूस आपल्याला माहीत असायला हवा. सँ-मालोचे हे कोर्सेर म्हणजे राजाच्या परवान्याने शत्रूची जहाजं लुटणारे, परवाना असल्यामुळे पकडले गेले तर फाशी न होता युद्धकैदी. सुर्कूफने ७ ऑक्टोबर १८०० ला आपल्याच बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचं केंट हे कितीतरी मोठं जहाज काबीज केलं. गावात त्याचा जयजयकार आहे, मात्र त्याने गुलामांच्या व्यापारातही पैसा केला होता, ते पण लक्षात ठेवून पुतळ्याकडे बघावं. माहे द ला बूर्दोने, १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेणारा, तोही इथलाच, जन्म १६९९. भारताच्या व्यापारातला पैसा इथे कसा आला ते बघायचं असेल तर तटाच्या आतच १७२५ चा माग्नों वाडा आहे, बांधणारा फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा डायरेक्टर आणि कोर्सेर जहाजांचा मालक, गाइडबरोबरच आत सोडतात. तळघरं आणि चोरजिने पोरांना फार आवडतात.

कॅथेड्रलमध्ये जाक कार्तियेची कबर आहे, १५३४ ला इथून निघून कॅनडाच्या किनाऱ्याला लागलेला खलाशी. पाच मिनिटांचं काम, पण कॅनडात कोणी नातेवाईक असतील तर फोटो पाठवायला बरा.

ओहोटीचा दिवस

आता मुख्य गोष्ट. गावासमोर ग्राँ बे आणि प्ती बे ही दोन बेटं, आणि दुसऱ्या बाजूला फोर नास्योनाल हा किल्ला. प्ती बेवर पण किल्ला आहे. दोन्ही किल्ले १६८९ च्या सुमाराचे, राजाचा नामांकित दुर्गबांधणीकार व्होबाँ याच्या योजनेतले. ओहोटीला वाळूवरून आणि दगडी वाटेने तिथे चालत जाता येतं, भरतीला वाट पाण्याखाली. हाजी अलीला भरतीच्या वेळी रस्ता बुडतो तसंच, फक्त इथे पाणी कितीतरी जास्त आणि कितीतरी वेगाने येतं.

क्रम असा ठेवा. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी बों-सकूर बीचवर पोचायचं. वाट दिसायला लागली, लोक जायला लागले की पहिल्यांदा ग्राँ बे. वर चढल्यावर शातोब्रियाँ या लेखकाची समाधी, मृत्यू १८४८, दगडी क्रॉस आहे आणि नाव कुठेही कोरलेलं नाही, त्यालाच तसं हवं होतं. तिथून गाव असं दिसतं की फोटो आपोआप चांगले येतात. पाणी अजून खाली गेलं आणि प्ती बेची वाट मोकळी झाली असेल तरच पुढे. फोर नास्योनालला जायचं असेल तर आधी फ्रेंच झेंडा बघा, फडकत असेल तर किल्ला उघडा, तिकीट काढून आत जायचं.

पूर्ण ओहोटी झाली की परतीचं घड्याळ सुरू झालं समजा. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाएवढंच, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग परत मंद. म्हणजे १२ मीटरची भरती असेल तर पहिला तास जेमतेम एक मीटर, तुम्ही निवांत, आणि नंतर अचानक तासाला तीन मीटर. माणसं फसतात ती याच हिशोबात. वाटेवर घोट्याएवढं पाणी आलं असेल तर ओलांडायचं नाही, बेटावर वर जाऊन बसायचं, सहा तासांनी वाट परत उघडते. थंडी वाजेल, भूक लागेल, पण त्याने कोणी मरत नाही, वाटेवरच्या ओढीत माणूस जाऊ शकतो. कोणी अडचणीत दिसलं तर समुद्रातल्या मदतीसाठी १९६, नाहीतर ११२.

परत आल्यावर बों-सकूरलाच समुद्राच्या पाण्याचा स्विमिंग पूल आहे, १९३० च्या दशकातला. ओहोटीला समुद्र लांब गेला तरी यात पाणी राहतं, भरतीला अख्खा पूल बुडतो आणि फक्त उडी मारायचा काँक्रीटचा मनोरा वर दिसतो. पाणी ऑगस्टमध्येही १८ अंशांच्या आसपास, गोव्याच्या सवयीने शिरलात तर ओरडाल.

संध्याकाळी भरतीच्या तासभर आधी सियोंच्या बांधावर जा. वाळूत ओकचे जाडजूड खांब रांगेने रोवलेत, १८२५ पासून, लाटांचा जोर मोडायला, जवळपास ३,००० आहेत. कोएफिसिअँ १०० च्या वर आणि वारा समुद्राकडून असेल तर लाट बांधावरून उडून रस्त्यावर पडते. कपडे भिजतात ते ठीक, पण लाटेत खडे-लाकडं पण येतात, तेव्हा अडथळे लावलेले असतील तर त्यांच्या मागेच थांबा.

खाणं, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी

बाकी फ्रान्सपेक्षा इथे शाकाहारी माणसाचं बरं चालतं, आणि ते गालेतमुळे. गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाचं मोठं पातळ धिरडं, तव्यावर टाकून आत चीज, अंडं, मशरूम, कांदा असलं काही घालून चारी कोपरे दुमडतात. गोड खायचं ते क्रेप, ते मैद्याचं. मेन्यूवर "कोंप्लेत" लिहिलेलं असतं त्यात अंडं, चीज आणि हॅम असतं, तर "साँ जाँबों" म्हणजे हॅम नको असं स्पष्ट सांगा. फार कडक पाळणाऱ्यांनी अजून दोन गोष्टी विचाराव्यात, पिठात अंडं आहे का (कुठे कुठे घालतात) आणि तव्याला काय लावता, कारण जुन्या पद्धतीत डुकराची चरबी लावायचे आणि काही ठिकाणी अजून लावतात. बटर लावतो म्हणाले की झालं. बटर इथे खारंच असतं आणि अप्रतिम असतं. सोबत सफरचंदाची सीद्र, कपात देतात, सरबत समजून पोरांना देऊ नका, दारू आहे, हलकी असली तरी.

गोडात कुइन-अमान घ्या. पीठ, बटर, साखर, वरून कॅरॅमल, बाकी काही नाही. एकात दोन जणांचं भागतं. मासेखाऊंना सांगायची गरज नाही, पण शिंपल्यांसाठी पंधरा किलोमीटरवरच्या कांकालला जा, तिथे धक्क्यावर दीपस्तंभाजवळच्या स्टॉलवरून ऑयस्टर्सची प्लेट घ्यायची, लिंबू पिळायचं, पायऱ्यांवर बसून खायचं आणि रिकामे शिंपले खाली किनाऱ्यावर टाकायचे, तिथे तशीच रीत आहे. कालवं खाणाऱ्या कोकणी माणसाला कच्ची खाताना पहिल्या घासाला जरा धाडस लागेल.

वेळा सांभाळा. जेवण १२ ते २, रात्री ७ ते साडेनऊ, मध्ये किचन बंद. साडेतीनला भूक लागली तर बेकरी. जुलै-ऑगस्टमध्ये रात्रीचं टेबल आधी बुक करा. पाण्याची बाटली मागवायची गरज नाही, "कराफ दो" म्हणा, नळाचं पाणी फुकट येतं. दुकानात शिरताना "बोंझूर" आधी, प्रश्न नंतर, एवढ्याने निम्मी कामं सोपी होतात. आणि हातात सँडविच घेऊन बीचवर फिरू नका, पक्षी मागून येऊन उचलतात, ओरडूनही उपयोग नाही.

जास्तीचा दिवस असेल तर

एकच निवडायचं तर मी कांकाल आणि तिथून प्वाँत द्यु ग्रुएँ पर्यंत किनाऱ्याची पायवाट म्हणेन. ही जीआर ३४ वाट, पूर्वी कस्टमचे शिपाई चोरटा माल पकडायला हिच्यावरून गस्त घालायचे. हवा स्वच्छ असेल तर पलीकडे मों-सँ-मिशेल हे मठाचं प्रसिद्ध बेट दिसतं. मों-सँ-मिशेलला थेट जायचं तर ५० किलोमीटरवर, सीझनमध्ये बस असते, पण पूर्ण दिवस जातो आणि गर्दी बेक्कार.

अर्धा दिवसच असेल तर समोरच्या दिनार गावाची छोटी बोट घ्या, तटाखालच्या धक्क्यावरून दहा मिनिटांत पलीकडे, आणि तिथून सँ-मालोचं पूर्ण चित्र समोर. इंजिनीअर मंडळींनी जवळच रांस नदीवरचं धरण बघावं, १९६६ चं, भरती-ओहोटीवर वीज करणारं जगातलं पहिलं मोठं केंद्र, २४ टर्बाइन, २४० मेगावॉट. युद्धात इंटरेस्ट असेल तर सँ-सेर्वांच्या आलेत टोकावर जर्मन बंकर आहेत, त्यांच्या जाड पोलादी घुमटांवर तोफगोळ्यांचे खड्डे अजून तसेच आहेत, हात घालून बघता येतात. टोकाला फेरी मारायची वाट सपाट आहे, आई-बाबा बरोबर असतील तर तटाच्या पायऱ्यांपेक्षा हे झेपेल.

बॅगेत जूनमध्येही विंडचीटर ठेवा, छत्रीचा उपयोग नाही, वारा उलटी करतो. वाळू-शेवाळावर चालायला जुने बूट, चप्पल घसरते. थोडी कॅश, बाजारासाठी, बाकी कार्ड चालतं. बाजार तटाच्या आत मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी. रविवार दुपार आणि सोमवारी बरीच दुकानं-क्रेपरी बंद असतात, त्यामुळे शेवटचा दिवस सोमवार येत असेल तर बटर, बिस्किटं, सीद्र जे काय घ्यायचं ते शनिवारीच घेऊन ठेवा, आणि बटर चेक-इन बॅगेतच टाका, हँडबॅगेत सिक्युरिटीवाले काढून घेतात.